नूरचाचांचे अडतीस टक्के

नूरचाचा कुठंही बसायच्या आधी ती जागा तळहातानं दाबून बघायचे. एसटीची सीट असो, हॉटेलातली खुर्ची असो, कुणाच्या घरची गादी असो. आधी हात दाबायचा, क्षणभर थांबायचं, मग बसायचं. आमच्या दवाखान्यातल्या लाकडी बाकालाही त्यांनी पहिल्या दिवशी तसंच दाबून बघितलं, तेव्हा मला हसू आलं.

"चाचा, लाकडात काय बघून राह्यले?"

"सवय हाय, सर. हाताला इचारल्याबिगर बूड टेकत न्हाई."

एवढं बोलले आणि पुढची दोन-तीन मिनिटं नुसते श्वास घेत राहिले. दारापासून बाकापर्यंतच्या दहा पावलांचा दम त्यांना उतरवावा लागत होता.

चाचा जाऊन आता सव्वा वर्ष झालं. त्यांच्याबद्दल लिहायला कितीदा बसलो आणि उठलो. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे मी काय केलं तेही लिहावं लागणार. पण आता लिहितो.

एका धर्मादाय संस्थेच्या छातीच्या दवाखान्यात मी नोंदी ठेवायला होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ती चूक संस्थेची नव्हती, माझी होती. आमच्याकडं दम्याचे आणि सीओपीडीचे रुग्ण यायचे. सीओपीडी म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार. बरा होत नाही, पण औषधाचा पंप, म्हणजे इनहेलर, रोज ओढला तर आवरता येतो. अडचण अशी की लोक पंप घरी नेतात आणि बरं वाटलं की कोनाड्यात ठेवून देतात. म्हणून संस्थेनं एक प्रकल्प काढला होता: कोण औषध खरंच घेतं आणि कोण नाही, हे नोंदींवरून शोधायचं. हिशेब सोपा होता. महिन्याचा पंप नेला, पुढचा कोणत्या तारखेला नेला, मधले किती दिवस रिकामे गेले. त्यावरून शंभरातले गुण काढायचे. ते काढायचं काम माझ्याकडं होतं.

नूरचाचा शहागडचे, जातीनं पिंजारी. तरुणपणी खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव हिंडले, लोकांच्या दारात बसून गाद्या-उशांचा कापूस पिंजला. पिंजायची यंत्रं आली, तयार गाद्या आल्या, तशी त्यांनी हायवेला एका टपरीत ट्रकच्या सीटा भरायचं काम सुरू केलं. नदीच्या पुलाअलीकडं गाड्या थांबायच्या. ड्रायव्हर चहा पिईस्तोवर चाचा दाभण आणि सुतळी घेऊन सीट उसवायचे, भरायचे, शिवायचे.

दवाखान्याच्या कामानं मी एकदा शहागडला गेलो होतो तेव्हा त्यांच्या टपरीत बसलो. एका पंजाबी ड्रायव्हरनं सीट काढून आणली होती. चाचांनी तिच्यावरून हात फिरवला, उजव्या बाजूला थांबले.

"सरदारजी, पाकीट पीछे की जेब में रखके गाडी चलाते?"

ड्रायव्हर चकित झाला. "हां, क्यों?"

"कमर दुखती होगी आपकी. दाईं तरफ."

त्यानं कमरेला हात लावला आणि जोरात हसला. चाचा मला म्हणाले, "बघा सर, एका बाजूनं गादी मेली हाय. माणूस तिरपा बसतो तर गादी बी तिरपी व्हती." मग त्या सीटच्या आतला जुना कापूस त्यांनी बोटांनी सोडवायला घेतला. मी म्हणालो, "चाचा, त्याला जायची घाई आहे, तसाच भरा ना." त्यांनी मान हलवली. "घाईनं पिंजलेला कापूस गाठी धरतो. चार दिसांनी त्येच्या बुडाला कळंल, मंग शिव्या मला बसतील."

आयुष्यभर कापसाची धूळ छातीत गेलेली. पन्नाशीनंतर दम लागायला लागला. दर वेळी नवा फॉर्म भरताना कुणी ना कुणी त्यांना विचारायचं, बिडी किती वर्षं ओढली? चाचा दर वेळी तेवढ्याच सभ्यपणे सांगायचे, "एक बी न्हाई साहेब. लोकांनी बिडी ओढली, मी कापूस ओढला." मला ते वाक्य आवडायचं. एकदा त्यांची जुनी फाईल उघडली तर 'धूम्रपान' या रकान्यात 'होय' अशी खूण होती. माझ्या आधीच्या माणसानं न विचारताच केली असणार. म्हातारा माणूस, दम लागतो, म्हणजे बिडी असणारच. मी ती खोडली आणि चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "कागदावर काय बी असतं." आम्ही दोघं हसलो. त्या दिवशी मी काही शिकायला हवं होतं.

आमच्या तपासणीच्या टेबलावर एक चपटी गादी आणि तसलीच उशी होती. डॉक्टर मॅडमनी त्यांना आडवं व्हायला सांगितलं तर चाचांनी उशी दाबली आणि म्हणाले, "मॅडम, ह्यात कापूस न्हाई, चिंध्या हायेत. अन् दम लागणाऱ्या माणसाला सपाट कशाला झोपवता? त्येचा जीव घाबरा व्हतो." पुढच्या खेपेला येताना लेकीच्या, शमीमच्या, डोक्यावर एक गाठोडं होतं. त्यात एका बाजूनं उंच आणि दुसऱ्या बाजूकडं उतरत गेलेली उशी. ते स्वतः घरी तशाच उशीला टेकून झोपायचे, बसल्यासारखे. त्या उशीवर नंतर किती छात्या तपासल्या गेल्या असतील. मॅडम म्हणायच्या की मोठ्या इस्पितळात सुद्धा इतकी बरोबर उतरती उशी बघितली नाही.

आणि औषधाबद्दल सांगायचं तर त्यांचा नेम मला माहीत होता. पंप सकाळी फजरच्या नमाजनंतर आणि संध्याकाळी मगरिबनंतर. रमजान यायच्या महिनाभर आधी त्यांनी मॅडमना विचारलं होतं की रोज्यात वेळा कशा बदलू, आणि सहरीच्या आधी, इफ्तारनंतर, असं ठरवून घेतलं होतं. "पंप संपायच्या आठ दिस आधी दुसरा घरात पायजे," असं ते बाकावरच्या इतरांनाही सांगायचे. हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलेलं होतं. म्हणून तर पुढचं लिहिताना हात थांबतो.

आमचं औषध तीन ठिकाणी मिळायचं. मुख्य दवाखान्यात; शहागडला बाजाराच्या दिवशी येणाऱ्या फिरत्या गाडीवर; आणि अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत महिन्यातून दोनदा भरणाऱ्या शिबिरात. तिन्हीकडचे लोक आपापल्या वहीत नोंद करायचे, कार्डांचे नंबरही वेगवेगळे. वर्ष संपल्यावर तिन्ही याद्या माझ्याकडं आल्या. त्या जुळवून एक यादी करायची होती. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, "नावांचं नीट बघा. आपल्याकडं एका माणसाची चार नावं असतात. शंका येईल तिथं कार्डावरच्या नंबरला फोन करून विचारा. वेळ लागला तरी चालेल."

मी एका दुपारी उरकलं. कंप्युटरला सांगितलं की नाव आणि वय तंतोतंत जुळेल तेवढेच एक समज, बाकीचे वेगळे. फोन करायच्या नावांची यादी बरीच लांब निघाली. मला त्याच आठवड्यात अहवाल द्यायचा होता, नोकरीचा करार पुढं वाढायचा होता, आणि वरच्या साहेबांना वेळेत काम करणारा माणूस म्हणून मी आवडत होतो. मी एकही फोन केला नाही. अहवालात मात्र लिहिलं: 'सर्व नावांची पडताळणी केली.'

त्या गुणांवरून एक निवड व्हायची होती. संस्थेकडं एक नवा पंप थोड्याच संख्येनं आला होता, दिवसातून एकदाच ओढायचा, जास्त प्रभावी. तो नियमित औषध घेणाऱ्यांना द्यायचा, आणि ऐंशीच्या खाली असलेल्यांना बोलावून समज द्यायची, असं ठरलं. समज द्यायचं कामही माझ्याकडं आलं.

नूरचाचांचे अडतीस आले होते.

मला आश्चर्य वाटलं, नाही असं नाही. पण ते क्षणभरच. मनात आलं, सगळेच असे असतात. तोंडानं गोड बोलतात आणि पंप कोनाड्यात. आपल्याला फसवलं गेल्याचा थोडा रागही आला.

त्या दिवशी बाकावर सात-आठ जण होते. मी एकेकाला टेबलाशी बोलवत होतो, पण खोली तेवढीच, सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं. चाचा आले, शमीम मागं उभी राहिली. ती अंकुशनगरला राहायची. तिचा नवरा कारखान्यात होता. बापाला दवाखान्यात आणायला ती मुद्दाम यायची.

"चाचा, तुमचे अडतीस मार्क आलेत."

"कितीपैकी?"

"शंभर."

त्यांनी थोडा विचार केला. "आमच्या टायमाला साळंत पस्तीसला पास व्हायचे."

बाकावरचे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "ही शाळा नाही, चाचा. इथं ऐंशीला पास. याचा अर्थ कळतो का? शंभर दिवसांतले बासष्ट दिवस तुम्ही औषध घेतलं नाही."

त्यांचं हसू गेलं. "असं कसं व्हईल? मी तर रोज घेऊन राह्यलो, सर."

"नोंदीत तसं दिसत नाही."

"मी गाडीवर बी घेतो. शहागडला गाडी येती ना, तिथं. अन् थंडीत लेकीकडं असतो तवा तिकडं."

आता विचार केला तर वाटतं, त्या माणसानं उत्तर माझ्या हातात आणून ठेवलं होतं. मी म्हणालो, "ते सगळं यात आहे. तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्यात." आणि कंप्युटरचा पडदा त्यांच्याकडं फिरवला. "हे बघा. माणूस विसरतो, चाचा, कंप्युटर खोटं बोलत नाही."

चाचांना थोडं उर्दू वाचता यायचं, मराठी अजिबात नाही. तरी ते त्या पडद्याकडं बराच वेळ बघत राहिले. शमीम खालच्या आवाजात म्हणाली, "अब्बा, सच्ची बोलो. नहीं लेते क्या?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मंग इसरत असंल मी. म्हातारपण हाय. माफ करा सर."

मी म्हणालो, "माफी कशाला, पुढं लक्ष ठेवा." आणि पुढचं नाव पुकारलं. नवा पंप त्यांना मिळाला नाही.

पुढच्या महिन्यांत एक गोष्ट झाली. चाचांचे गुण वाढले. ते मुख्य दवाखान्यात महिना भरायच्या आत यायला लागले, कधी वीस दिवसांत, कधी त्याहून आधी. "पंप संपला सर," म्हणायचे, आणि मी खुशीत नोंद करायचो. तिमाहीच्या बैठकीत मी त्यांचंच उदाहरण दिलं. नाव न घेता सांगितलं की शहागडचा एक वयस्कर रुग्ण, अडतीसवर होता, समज दिल्यावर ऐंशीच्या पुढं गेला. साहेबांनी मान डोलावली. टाळ्या वाजल्या नाहीत, पण वाजल्यासारखं मला वाटलं.

मग एके दिवशी मॅडम चाचांना तपासत होत्या आणि मी त्याच खोलीत माझ्या टेबलाशी होतो. मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"चाचा, हात कधीपासून थरथरतात?"

"झाले असतील दोन-तीन महिने."

"छातीत धडधडतं?"

"धडधडतं. झोप बी न्हाई लागत."

"पंप दिवसातून किती वेळा घेता?"

चाचांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडं बघितलं. "दोनदाच घेतो, मॅडम. पण मंग वाटतं, घेतला का न्हाई? सरनी सांगितल्तं ना, मी इसरतो म्हणून. मला तर घेतल्याचं याद असतं, पण म्हणलं ती याद खोटी असंल. मंग परत घेतो."

"असं किती वेळा होतं?"

"कधी चारदा. कधी पाचदा बी."

मॅडमनी कागदावर लिहिलं, पंप शमीमच्या ताब्यात द्यायला सांगितला, आठ दिवसांनी परत बोलावलं. मी मान खाली घालून टंकत राहिलो. काय टंकत होतो ते आठवत नाही. पण तेव्हाही माझ्या मनात एवढंच होतं की म्हातारा खरंच विसराळू झाला आहे.

थरथरत्या हातानं दाभण चालत नाही. एका सीटला शिवण घालताना दाभण त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्यात आरपार गेली. शमीमनं टपरी बंद करायला लावली आणि बापाला कायमचं अंकुशनगरला नेलं. ती पंप स्वतःच्या पेटीत कुलपात ठेवायची, सकाळ-संध्याकाळ काढून द्यायची आणि समोर उभं राहून बघायची. पन्नास वर्षं स्वतःच्या हातावर जगलेला माणूस, रोज दोनदा लेकीसमोर तोंड उघडून बसत होता.

दुसऱ्या वर्षीच्या याद्या आल्या तेव्हा त्यात मोबाइल नंबरचा रकाना नव्यानं घातलेला होता. मी सहज नंबरांच्या क्रमानं यादी लावली. एकाच नंबरापुढं तीन नावं आली. शेख नूरुद्दीन, शहागड. नुरोद्दीन पिंजारी, शहागड. नूर मन्सुरी, अंकुशनगर. तिघांची वयं दोन-दोन वर्षांच्या फरकानं. नंबर शमीमचा होता. मला तो पाठ होता.

मी मागच्या वर्षीची फाईल उघडली. तिथंही तिघं होते, आणि तिघंही माझ्या 'अनियमित' या यादीत होते. त्यातले दोघं समज घ्यायला आलेच नाहीत, अशी माझीच नोंद होती. एका कागदावर तिघांच्या तारखा मी एकाखाली एक लिहिल्या, मग एका ओळीत लावल्या. दवाखाना, गाडी, गाडी, दवाखाना, थंडीचे महिने अंकुशनगर, परत गाडी. एकही दिवस रिकामा नव्हता. अपवाद एकच, चार दिवसांची एक फट. तो आठवडा कुठला म्हणून बघितलं, तर त्या आठवड्यात आमच्याकडंच औषधाचा साठा संपला होता.

एका नियमित माणसाची मी तीन अनियमित माणसं केली होती. आणि त्या तिघांपैकी एकाला सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं.

मी त्या दिवशी कुणालाच काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नव्या यादीत तिन्ही नावं गुपचूप एक केली. कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो की या वर्षीपासून पद्धत सुधारली आहे. स्वतःला समजावलं की आता चाचांचं औषध नीट चाललंय, मागचं उकरून काय मिळणार. असे दोन आठवडे काढले. घरी बायको म्हणाली, जेवताना कुठं बघून राह्यलात? तिलाही सांगितलं नाही. मला दुःख होत होतं असं म्हणू नये. मला भीती वाटत होती, करार जाईल याची. लाज नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

शेवटी मॅडमना सांगितलं, तेही धैर्यानं नाही. त्यांनी यादीत चाचांपुढं तीन कार्डांचे नंबर बघून विचारलं, "हे तिघं एकच का? मग मागच्या वर्षी?" मी कागद पुढं केला. त्यांनी तारखांची ती ओळ वाचली.

"पण तुम्ही फोन केले होते ना? तसं लिहिलंय तुम्ही."

"न्हाई केले, मॅडम."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी केली, परत माझ्याकडं दिली. "अहवालाची दुरुस्ती मी कळवते. बाकीची सगळी नावं आता तुम्ही एकेक फोन करून तपासायची. आणि चाचांना मी सांगणार नाही. ते तुम्ही जाऊन सांगा." नवा पंपही त्यांनी माझ्याच हातात दिला.

कारखान्याचं गाळप चालू होतं. अंकुशनगरच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा आंबूस वास. दुपारचे चार वाजले असतील. शमीमच्या घराशी गेलो तर ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. आत जायच्या आधी मी तिलाच सगळं सांगितलं. बहुतेक तिनं बापाला सांगावं आणि मी तसाच परत जावं, अशी माझी आशा होती.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे अब्बा रोज घेत होते?"

"हो."

"अन् मी त्यांना झूठा बोल्ले. कुलूप लावलं. लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवा म्हणले." तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. "तुमच्या कंप्युटरवर मी भरोसा ठेवला, भाऊ, बापावर न्हाई ठेवला. जा, आत हायेत. मी न्हाई सांगणार."

चाचा भिंतीला टेकून बसले होते. फार वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी त्यांना धरून बसवलं.

"सर! इतक्या लांब? तपासणी हाय का?"

"नाही चाचा, मी..."

"थांबा, थांबा. दाखवतो की. सांजचा डोस हायच, आज जरा आधी घेतो." त्यांनी शमीमला हाक मारली, ती पंप घेऊन आली. त्यांनी टोपण काढलं, पंप हलवला, श्वास पूर्ण सोडला. थरथरत्या हातानं तोंडात धरला, दाबला, ओढला. मग श्वास रोखून बोटं मिटत गेले. एक, दोन, तीन. सातव्या बोटाला त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. दहाही बोटं मिटली तरी श्वास सोडला नाही. ते माझ्याकडं बघत होते. मला उशिरा कळलं की ते मी परवानगी द्यायची वाट बघत आहेत.

"सोडा चाचा, सोडा!"

ते खोकले, बराच वेळ खोकले. शमीमनं पाणी दिलं. खोकला थांबल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. तीन नावं, तीन वह्या, मी न केलेले फोन, खोटी लिहिलेली ओळ. "तुम्ही विसरत नव्हता चाचा. तुम्ही रोज औषध घेत होता. चूक माझी होती."

मी जमिनीकडं बघत होतो. शिव्या दिल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर मी ते घेऊन निघालो असतो.

"म्हंजी मी घेत होतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज. तुमच्याकडून एक दिवस चुकला नव्हता."

"म्हंजी डोकं बराबर हाय माझं?"

मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हात वर केले. "या अल्लाह, तेरा शुक्र है. शमीम, सुनी क्या? याद बराबर है मेरी!" आणि मला म्हणाले, "सर, काय सांगू तुमाला. वरीस व्हत आलं, मला वाटून राह्यलं होतं की डोकं चाललं. माझा बाप तसाच गेल्ता, शेवटाला पोरांना वळखत नव्हता. रोज सकाळी उठलो की नातवांची नावं मनात म्हणून बघायचो, हायेत का गेली म्हणून." ते रडत होते आणि हसत होते. माझा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. ते हात थरथरत होते. त्या थरथरीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

"माफ करा चाचा," मी म्हणालो. ते त्यांना ऐकूच गेलं नसावं.

मी निघालो तर ते सोडायला यायचं म्हणाले. शमीमनं नको म्हटलं, मीही म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. माझी गाडी वसाहतीच्या फाटकाशी होती, सरळ चालत गेलं तर तीन मिनिटांचा रस्ता. चाचा दर आठ-दहा पावलांवर थांबायचे, कुणाच्या तरी ओट्याचा खांब धरायचे, दम घ्यायचे. आणि तिथं जो कोणी असेल, भाजी निवडणारी बाई, ड्युटीवरून आलेला कामगार, खाटेवरचा म्हातारा, त्याला माझ्याकडं हात करून सांगायचे, "हे आमच्या दवाखान्याचे सर. माझं डोकं बराबर हाय, ते ह्यांनी शोधून काढलं. कंप्युटरमधी. घरी येऊन सांगितलं बघा, एवढ्या लांब."

लोक माझ्याकडं आदरानं बघायचे. एकानं नमस्कार केला. मी उलट नमस्कार केला.

फाटकाशी पोचलो तेव्हा त्यांना बोलायला दम उरला नव्हता. मी गाडी चालू केली. वळणावर मागं बघितलं तर चाचा फाटकाच्या खांबाला धरून उभे होते, आणि उसाच्या गाडीवरचा एक अनोळखी माणूस खाली वाकून त्यांचं ऐकत होता. चाचांनी माझ्याकडं हात लांब करून त्याला दाखवलं.